पाण्याच्या फुग्यांची गलोल: अंगणात चालवायची तर या क्रमाने

रंगपंचमीच्या तोंडावर आणि मे महिन्याच्या सुट्टीत दुकानांत ‘वॉटर बलून लाँचर’ नावाची मोठी गलोल दिसायला लागते. दोघांनी दोन टोकं धरायची, तिसऱ्याने मधली झोळी मागे ताणायची आणि सोडायची. घेणाऱ्यांच्या तक्रारी ठरलेल्या असतात. फुगा झोळीतच फुटतो. शेजारच्या पत्र्यावर जाऊन आदळतो. पडतो, पण फुटत नाही. नाहीतर कोणाला तरी जोरात लागतो आणि सगळा खेळ तिथेच थांबतो.

यात गलोलीचा दोष फार थोडा, क्रमाचा जास्त. लोक आधी शंभर फुगे भरून ठेवतात, मग गलोल खोक्यातून काढतात आणि फुगा जाऊन पडणार कुठे याचा विचार अगदी शेवटी करतात. तोवर पोरं ओली होऊन ओरडत असतात, त्यामुळे तो विचारही होत नाही. खाली क्रम उलटा दिला आहे: जागा, गलोल, चाचणी, त्यानंतर फुगे आणि मग माणसं.

एक गोष्ट सुरुवातीलाच पक्की करा. अंगणात या गलोलीने नेम जागेवर धरायचा, माणसावर नाही. हा नियम मान्य नसेल तर गलोल विकत घेऊ नका. कारण तिसऱ्या टप्प्यात आकड्यांसह दिलं आहे.

## आधी हे ठरवा: तुम्हाला ती हवी आहे का?

अंगण लहान असेल तर नको. बंगल्यामागे दहा-बारा मीटर जागा असेल तर हाताने फेकलेला फुगा, पिचकारी आणि बादली-मग एवढ्यावर उत्तम खेळ होतो. गलोल तिथे फक्त भांडणं लावते. खळं, शेतघरापुढचं मोकळं पटांगण, सोसायटीच्या मागचं मैदान, अशा जागी ती कामाला येते. अमेरिका-कॅनडात मागे ऐसपैस हिरवळ असलेली मराठी घरं बरीच आहेत, पण तिथेही कुंपणापलीकडे शेजाऱ्याची काच असतेच. तेव्हा मोजमाप त्यांनाही चुकत नाही. खोक्यावर शंभर यार्डांच्या पुढचे आकडे छापलेले असतात. ते रानासाठी आहेत, घरासाठी नाहीत.

जागा असेल तर तिचा खरा उपयोग एकच, आणि तो मोठा आहे: समोरच्या गटाला एखादी जागा सोडायला लावणं. पाण्याचं पिंप समोरच्यांच्या ताब्यात असेल तर हाताने फेकलेले फुगे तिथवर पोचत नाहीत, पिचकारीची धार तर नाहीच नाही. गलोलीचा फुगा पोचतो. शिवाय ज्यांना पळापळ झेपत नाही त्यांनाही खेळात काम मिळतं. गुडघे दुखणारे काका फुगे मांडून देतील, आत्या शिट्टी घेऊन पंच होतील.

## टप्पा १: जागा मोजा

मोठ्या माणसाचं एक पाऊल साधारण पाऊण मीटरचं असतं. त्या हिशेबाने पावलं टाकत मोजा.

१. गलोल कुठे उभी राहणार ती जागा ठरवा.

२. तिथून १५ मीटरवर, म्हणजे वीस पावलांवर, फुगा पडायच्या जागेचा मध्य. त्याभोवती ३ मीटर त्रिज्येचं वर्तुळ आखा. याला पुढे ‘रिंगण’ म्हणू.

३. मध्यापासून पुढे आणखी १० मीटर मोकळं हवं. नवखा माणूस पहिल्या काही फेकींत हमखास लांब मारतो.

४. फेकीच्या रेषेच्या दोन्ही बाजूंना पाच-पाच मीटर मोकळं.

म्हणजे एकूण लांबी २५ मीटर, तेहतीस-चौतीस पावलं. त्यापेक्षा कमी भरली तर गलोल ठेवून द्या. पंधराचं अंतर दहावर आणून भागवू असं वाटतं, पण मागची मोकळी जागा तशीच लागते आणि माणसं मात्र गलोलीच्या जवळ येतात.

आता मान वर करा. हे बहुतेक जण विसरतात. १५ मीटरवर पडणारा उंच फेकीचा फुगा वाटेत साडेसहा मीटरपर्यंत वर चढतो, म्हणजे दुमजली घराच्या गच्चीएवढा. त्या वाटेत आंब्याची फांदी, डिशची वायर किंवा खांबावरून घरात आलेली विजेची तार आली तर दिशा बदला. विजेच्या तारेखाली ही गलोल लावायचीच नाही.

मग रिंगणाच्या पलीकडे काय आहे ते बघा: पत्रे, काचा, उभ्या गाड्या, गोठा, कोंबड्यांची जाळी, वाटसरूंचा रस्ता. रस्त्याच्या दिशेने तोंड असेल तर गलोल फिरवा, कुंपण कितीही उंच असो. चालत्या दुचाकीवर फुगा पडणं म्हणजे सरळ अपघात. मुंबईत होळीच्या आधी निघणाऱ्या पोलिसांच्या मनाई आदेशांत पाण्याने भरलेले फुगे फेकण्याचा उल्लेख असतो, तो उगाच नाही.

> इशारा: रिंगण आखायला मैदानावरची फक्की वापरू नका. तिच्यात चुना असतो, पाण्याबरोबर तो पोरांच्या डोळ्यांत आणि पायांच्या भेगांत जातो. जुन्या साडीचे काठ किंवा सुतळी खुंट्यांना बांधून वर्तुळ करा. खुंट्यांची टोकं जमिनीच्या वर राहू देऊ नका. रांगोळीही चालते, पण पहिल्या दहा फुग्यांत वाहून जाते.

तपासा: गलोलीच्या जागी उभं राहून रिंगण पूर्ण दिसतं का? मध्ये झुडूप, गाडी, वाळत घातलेले कपडे आले तर ते हलवा. न दिसणाऱ्या जागी फुगा सोडायचा नाही.

## टप्पा २: गलोल बांधा, माणसांच्या हातात देऊ नका

दुकानातल्या गलोलीबरोबर आलेल्या चित्रात दोन माणसं मुठी धरून उभी असतात. हीच व्यवस्था सर्वांत धोक्याची आहे. एकाचा ओला हात सुटला की ताणलेली मूठ थेट ताणणाऱ्याच्या तोंडावर येते. समोरच्या गटापेक्षा आपल्याच गटाला आधी मार बसतो.

त्याऐवजी दोन झाडं, जमिनीत पक्के रोवलेले दोन वासे, नाहीतर झोपाळ्याचे दोन खांब घ्या. अंतर सव्वा ते दीड मीटर. दोन्ही टोकं जमिनीपासून सुमारे १ मीटर उंचीवर बांधा. आधी खांबाला चिंधी गुंडाळा आणि तिच्यावर टोक बांधा. खडबडीत सालीवर घासून रबर तुटतं, आणि तुटतं ते ताणलेलं असतानाच. प्लास्टिकच्या खुर्च्या, सायकली, गच्चीचा हलणारा कठडा यांना चुकूनही बांधू नका.

घरी करायची तर लॅटेक्सची रबरी नळी घ्या. सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या लहान गलोलीला ठीक, पण या कामात जड पडतात आणि दोन्ही पट्ट्या सारख्या रुंदीच्या कापणं फार थोड्यांना जमतं. झोळीला मऊ, गुळगुळीत कापड हवं. जुन्या छत्रीचं उत्तम. जीन्सचं कापड टिकतं खरं, पण फुग्याला घासतं. झोळीची शिवण बाहेरच्या बाजूला ठेवा.

काही जण झोळीऐवजी प्लास्टिकचं नरसाळं लावतात. फुगा त्यात छान बसतो, हे खरं. पण सोडल्यावर ते कडक नरसाळं खांबांच्या पुढे झेपावतं आणि तितक्याच जोरात मागे येतं. कापडाची झोळी लागली तर चटका बसेल, नरसाळं लागलं तर टाके पडतील.

रबराची गाठ घसरते. नळीचं टोक दुमडून त्यावर रबराचीच पातळ पट्टी ताणून दहा-बारा वेढे द्या. सुतळी किंवा तार वापरली तर ती रबरात रुतते आणि तिथूनच नळी कापली जाते.

तपासा: दोन्ही नळ्या झोळीपासून खांबापर्यंत सारख्या लांबीच्या आहेत का? बोटभर फरक असला तरी फुगा दर वेळी एकाच बाजूला जातो आणि दोष वाऱ्याला दिला जातो. मग नळी थोडी ताणून उजेडात धरा. बारीक चिरा दिसल्या तर ती नळी आज वापरायची नाही.

## टप्पा ३: मोज्याच्या गोळ्याने चाचणी

इथपर्यंत एकही फुगा भरलेला नाही, आणि ते बरोबर आहे.

जुन्या मोज्यांची जोडी भिजवून गोळा करा आणि स्वयंपाकघरातल्या काट्यावर त्याचं वजन ११० ग्रॅमच्या आसपास आणा. पाणी पिळून किंवा घालून ते जुळतं. हा गोळा पुन्हा पुन्हा फेकता येतो, सांडत नाही आणि वजन फुग्याइतकंच असल्याने अंतरही जवळपास तेच येतं. रिकामी झोळी ताणून सोडू नका. ती स्वतःभोवती गुंडाळते आणि रबराला हिसका बसतो.

१. झोळी खांबांच्या बरोबर मध्यातून सरळ मागे न्या. रबर सरळ होऊन ताण जाणवायला लागतो तिथे जमिनीवर काठी आडवी ठेवा. ही शून्याची खूण. झोळी सैल लोंबते तिथून मोजण्याची चूक फार होते.

२. शून्यापासून ५० सेंटिमीटर ताणा. झोळी खाली, गुडघ्याच्या उंचीपर्यंत न्या, म्हणजे गोळा वर जाईल. दिशा जमिनीशी साधारण ६० अंशांची हवी. काटकोनाचे तीन सारखे भाग केले तर त्यातले दोन.

३. सोडा. गोळा कुठे पडला ते पावलांनी मोजा. याच ताणावर तीनदा फेका. तिन्ही वेळा दोन मीटरच्या आत पडला तरच पुढे जा. नाहीतर बांधणी सैल आहे किंवा ताणणारा दर वेळी वेगळ्या उंचीवरून सोडतो आहे.

४. ताण पाच-पाच सेंटिमीटरने वाढवा. १५ मीटर गाठले की थांबा आणि त्या जागी दुसरी काठी ठोका. या काठीच्या मागे झोळी जाणार नाही. संपली चाचणी.

पाच-पाच सेंटिमीटर हे वेळकाढूपणासारखं वाटेल, पण ताण आणि अंतर एका चालीने वाढत नाहीत. ताण दुप्पट केला की फुग्याचा वेग साधारण दुप्पट होतो आणि अंतर हिशेबाने चौपट. पन्नासचे साठ केले तर ताण वीस टक्के वाढला, अंतर मात्र सुमारे चव्वेचाळीस टक्के. हवेच्या अडथळ्याने त्यातलं थोडं कमी होतं इतकंच. “अजून जरासं ओढ” म्हटल्यावर फुगा शेजारच्या पत्र्यावर का जातो, त्याचं उत्तर हे. बहुतेक गलोलींना १५ मीटरसाठी त्यांच्या पूर्ण ताणाचा थोडाच भाग लागतो. उरलेला ताण अंगणात कधीच वापरायचा नाही. ऐकून न घेणारी मोठी पोरं गटात असतील तर झोळी आणि खांब यांच्यामध्ये न ताणणारी दोरी बांधा, दुसऱ्या काठीपर्यंतच पोचेल एवढ्या लांबीची. मग समजावत बसावं लागत नाही.

आता माणसावर नेम का नाही, ते बघा. ६० अंशांत सोडून १५ मीटरवर पडणाऱ्या फुग्याचा वेग सुटताना सेकंदाला सुमारे १३ मीटर असतो, ताशी ४५ किलोमीटरच्या पुढे. उंच जाऊन हळू पडेल अशी समजूत असते, ती चूक. ज्या वेगाने वर गेला जवळपास त्याच वेगाने तो खाली येतो. वरून सरळ सोडलेल्या फुग्याला एवढा वेग यायला साडेआठ मीटर उंची लागते. तेवढ्यावरून, म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यावरून, कोणाच्या डोक्यावर पाण्याचा फुगा टाकाल का? उंच फेकीचा फायदा मऊपणाचा नाही, वेळेचा आहे. फुगा सव्वादोन सेकंद हवेत असतो, सगळ्यांना दिसतो आणि बाजूला होता येतं. तोच फुगा आडवा, सपाट मारला तर समोरच्याला डोळे मिटायलाही वेळ मिळत नाही. अशा गलोलीतल्या फुग्यांमुळे डोळ्याला आणि डोळ्याच्या खोबणीला झालेल्या इजांवर अमेरिकेतल्या नेत्रतज्ज्ञांनी १९९७ मध्ये ‘ऑप्थॅल्मॉलॉजी’ या नियतकालिकात सविस्तर अभ्यास प्रसिद्ध केला होता. पाणीच तर आहे, असं म्हणणाऱ्या काकांना हे सांगा.

> इशारा: सपाट फेक कोणीही, कोणत्याही कारणाने करायची नाही. एकदा झाली की गलोल त्या दिवसापुरती खांबावरून उतरवायची.

## टप्पा ४: फुगे भरा, मापात

पाण्याच्या फुग्याचं वजन डोळ्यांना कळत नाही. ६ सेंटिमीटर व्यासाच्या फुग्यात ११३ मिलिलिटर पाणी मावतं, ७ सेंटिमीटरच्या १८० आणि ८ सेंटिमीटरच्या तब्बल २७०. मिलिलिटर म्हणजे इथे ग्रॅमच. क्रिकेटचा लेदर बॉल १५६ ते १६३ ग्रॅमचा असतो. म्हणजे ७ सेंटिमीटरचा, अगदी लहानसा दिसणारा फुगा त्याहून जड. म्हणून माप ६ सेंटिमीटरचं ठेवा. पुठ्ठ्यात तेवढं गोल भोक पाडा. फुगा त्यातून न दाबता अलगद गेला पाहिजे.

पण नुसतं कमी पाणी घालून भागत नाही. वाढदिवसाच्या मोठ्या फुग्यात थोडं पाणी भरलं तर रबर जाड आणि सैल राहतं, फुगा फुटत नाही आणि लागतो दगडासारखा. ६ सेंटिमीटरला तट्ट होणारे, पाण्यासाठीचे छोटे फुगेच घ्या. एका नळावर ३७ फुगे एकदम भरणारे झुबके मिळतात, त्यांचं रबर पातळ असतं. हाताने फेकायला मजेचे, झोळीत मात्र बरेचसे फुटतात. घेतलेच असतील तर ते हाताच्या फेकीसाठी वेगळे ठेवा.

तपासा: एक भरलेला फुगा खांद्याच्या उंचीवरून फरशीवर सोडा. फुटला पाहिजे. नाही फुटला तर सैल आहे, तो फेकू नका. दुसरा गुडघ्याच्या उंचीवरून सोडा. तिथूनही फुटला तर फार नाजूक आहे, गलोलीत टिकणार नाही. हे दोन फुगे खर्ची पडले की पुढची सगळी रास कशी आहे ते कळतं.

भरताना:

१. फुगा आधी दोन्ही हातांनी एकदा ताणून सैल करा.

२. नळाला लावण्याऐवजी बादलीतून पिचकारीने किंवा फुगे भरायच्या पंपाने भरा. शंभर फुग्यांना या मापाने जेमतेम साडेअकरा लिटर पाणी लागतं, एक बादलीसुद्धा नाही. पाणी वाया जातं ते फुग्यांत नाही, पोरं गाठी मारत बसतात तेव्हा उघड्या राहिलेल्या पाइपमधून. मार्च-एप्रिलमध्ये टँकर मागवणाऱ्या सोसायटीत हा हिशेब आधीच सांगून ठेवा, निम्मी कुरकुर थांबते.

३. आत हवेचा बुडबुडा राहू देऊ नका. हवा राहिली की फुगा झोळीत डुचमळतो आणि दिशा धरत नाही.

४. मानेचा भाग दोन बोटं मोकळा ठेवून गाठ मारा.

५. भरलेले फुगे टबात किंवा घमेल्यात पाण्यावर तरंगत ठेवा, सावलीत. कोरड्या टोपलीत एकावर एक ठेवले तर खालचे घासून फुटतात.

रंग घालू नका, साधं पाणी पुरे. फुगे बर्फात किंवा फ्रिजमध्ये ठेवू नका. आदल्या रात्री भरूनही ठेवू नका, सकाळपर्यंत रबर ढिलं पडतं. गटात कोणाला लॅटेक्सची ॲलर्जी आहे का ते विचारा. आणि न फुगवलेले फुगे, फुटके तुकडे आठ वर्षांखालच्या मुलांच्या हाती लागू देऊ नका. घशात अडकून गुदमरण्याचा धोका खरा आहे. एवढ्या लहानांना पिचकारी द्या, ती त्यांना अधिक आवडते.

## टप्पा ५: कोण काय करणार

गलोलीवर तिघं, चौथा पंच. ताणणारा मोठाच माणूस हवा, पंधरा-सोळा वर्षांचा शांत मुलगाही चालेल. शांत हे महत्त्वाचं. तिघांनाही डोळ्यांवर पारदर्शक सेफ्टी गॉगल हवेत, हार्डवेअरच्या दुकानात ग्राइंडिंगसाठी मिळतात तसे. उन्हाचे गॉगल नकोत, त्यांची काच फुटू शकते.

ताणणारा एक गुडघा टेकून बसतो. झोळी पोटाच्या उंचीच्या वर आणायची नाही. तोंड रबराच्या रेषेत नको, जरा बाजूला. नेम बघायला डोळा झोळीमागे नेणारे बरेच असतात, त्यांना तिथेच थांबवा. नेम तुमच्या काठीने आधीच धरलेला आहे.

फुगा देणारा दर वेळी झोळी पाण्यात बुडवून ओली करतो. कोरडं कापड फुग्याला धरून ठेवतं, ओलं कापड सोडतं. फुगा मधोमध, गाठ वरच्या बाजूला, म्हणजे ती कापडात अडकत नाही. तिसरा दोन्ही खांबांवरच्या गाठींवर नजर ठेवतो, प्रत्येक फेकीला. सोडताना खांबांच्या पुढे आणि त्यांच्या दोन्ही अंगांना कोणी उभं राहायचं नाही.

ताणणाऱ्याने बोटांत झोळीचं कापड धरायचं, फुगा नाही. सोडताना दोन्ही हात एकदम उघडायचे. झोळीला पुढे ढकलून ‘जोर द्यायची’ सवय बॅटिंग करणाऱ्यांना हमखास असते, आणि त्यातच फुगा वाकडा जातो.

हुकूम तीनच, आणि पंचाच्या तोंडूनच:

- लांब शिट्टी: रिंगणातले सगळे बाहेर, कडेपासून आणखी दोन मीटर लांब.
- “रिकामं!”: पंचाने स्वतः बघून म्हणायचं. हे ऐकू आल्याशिवाय झोळी ताणायचीसुद्धा नाही.
- “सोड!”

ताणून धरून वाट बघायची नाही. मध्येच कोणी रिंगणात घुसलं तर पंच “थांब!” म्हणेल आणि झोळी हळूहळू, हातात धरूनच, पुढे न्यायची.

## टप्पा ६: खेळ असा लावा की रिंगण सोडण्यात फायदा दिसेल

नियम नुसते सांगून पाळले जात नाहीत. खेळच असा रचा की ते आपोआप पाळले जातील.

रिंगणाच्या मध्यावर पाण्याचं पिंप ठेवा. समोरच्या गटाला पिचकाऱ्या तिथूनच भरायच्या आहेत. गलोलवाल्यांकडे मोजके फुगे, समजा वीस. शिट्टी झाली की रिंगण सोडावंच लागतं, म्हणजे प्रत्येक फुगा समोरच्यांची दहा-पंधरा सेकंदं खातो. फुगा पिंपात पडला तर गलोलवाल्यांना दोन गुण, रिंगणात पडला तर एक. शिट्टीनंतर रिंगणात सापडलेला माणूस बाद, म्हणजे तिथे थांबून मर्दुमकी दाखवण्यात काही मिळत नाही. बाकीचे दोन्ही गट मैदानाच्या दुसऱ्या बाजूला पिचकाऱ्या, मग, हातातले फुगे घेऊन काय घालायचा तो धुडगूस घालू देत.

खेळ सुरू झाला की कळतं, गलोलवाल्यांचं खरं काम फुगा कधी वापरायचा हे ठरवण्याचं आहे. समोरचे पिंपाशी पोचून पिचकारी बुडवतात त्याच क्षणी शिट्टी मागायची. आधी मागितली तर फुगा वाया, उशिरा मागितली तर ते भरून निघून गेलेले. वर गेलेला फुगा एकदा नीट बघा. सुटताना तो चपटा होतो, लांबतो, परत चपटा होतो, आणि हे डुलणं फार वाढलं असेल तर त्यात पाणी कमी भरलं आहे. पुढचे फुगे भरणाऱ्याला तसं सांगा.

दुपारनंतर वारा सुटला की पुन्हा मोज्याची एक फेक घ्या. गोळा रिंगणाबाहेर गेला तर गलोल बंद.

### बिघाड आणि कारण

फुगा झोळीतच फुटतो: झोळी कोरडी आहे, शिवण आत आली आहे किंवा ताणणारा फुगाच मुठीत दाबतो आहे. याच क्रमाने बघा.

पडतो पण फुटत नाही: फुगे सैल आहेत. गवतावर हे जास्त होतं. ताण वाढवणं हा उपाय नाही. रिंगणात एक जुनी फळी किंवा सपाट फरशी ठेवा, किंवा फुगे बदला.

सारखा एकाच बाजूला जातो: नळ्यांची लांबी, मग एका खांबावरची घसरलेली गाठ.

अंतर हळूहळू वाढत जातं: ताणणारा काठीच्या मागे सरकतो आहे. त्याला मान्य होणार नाही. काठी दाखवा.

### कोणाला डोळ्याला लागलंच तर

चोळू नका, दाबू नका, घरात सापडलेले थेंब घालू नका. डोळ्यावर दाब पडणार नाही असं काहीतरी धरा, रुग्णाला बसतं ठेवा आणि त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे न्या. अंधुक दिसणं, डोळ्यात रक्त, प्रकाशाच्या चमका, तरंगणारे काळे ठिपके, यांतलं काहीही असेल तर लगेच निघा. थोड्या वेळाने बरं वाटलं तरी तपासणी टाळू नका.

## टप्पा ७: आवरणं

फुटक्या फुग्यांचे तुकडे शेळ्या, वासरं, कुत्री, कोंबड्या खातात, आणि सोसायटीत ते गटाराच्या जाळीत जाऊन बसतात. तुकडे मोजता येत नाहीत, गाठी मोजता येतात. प्रत्येक फुग्याची गाठ शाबूत राहते. भरलेल्या फुग्यांचा आकडा लिहून ठेवा आणि तेवढ्या गाठी सापडेपर्यंत पोरांना मैदानावरून सोडू नका. ‘सर्वांत जास्त गाठी आणील त्याला पहिली कुल्फी’ एवढ्यावर हे काम होतं. जमीन ओली असतानाच करा. वाळल्यावर तुकडे मातीच्या रंगाचे होतात.

गलोल साध्या पाण्याने धुवा, सावलीत वाळवा. ऊन आणि तेल दोन्ही रबराला खातात, तेव्हा दोरीवर उन्हात टाकू नका आणि मऊ राहावी म्हणून खोबरेल चोळू नका. वाळली की थोडी टाल्कम पावडर लावून, न ताणता, न दुमडता, कापडी पिशवीत ठेवा. पुढच्या वेळी बाहेर काढताना एक नळी चिरलेली दिसली तर दोन्ही बदला. एक नवी आणि एक जुनी लावली तर ताण सारखा येत नाही. नळ्या बदलल्या की तिसरा टप्पा पुन्हा पहिल्यापासून, पन्नास सेंटिमीटरच्या ताणाने.